‘ना’ : एवढंसं अक्षर, किती भाषा, किती अर्थ?

शब्दवेल्हाळ

हो ना करता करता शेवटी धागा काढतोच आहे. गेले काही दिवस डोक्यात एकच अक्षर घोळतंय : ना.

‘ना’ म्हणजे नकार, असं आपण धरून चालतो आणि कागदोपत्री ते खरंही आहे. ना हरकत प्रमाणपत्र. ना नफा ना तोटा. ना खंत ना खेद. फारसीतून आलेला ‘ना’ तर आपण जिथे तिथे जोडला : नाराज, नालायक, नामंजूर, नादुरुस्त. इंग्रजी ‘पास’लाही तोच चिकटवून ‘नापास’ तयार केला, आणि आता तो शब्द कुणालाही परका वाटत नाही.

पण घरात दिवसभर जे ‘ना’ कानावर पडतात ते आठवून बघा. ये ना, बस ना, दे ना गं, हो ना, येणार ना?, विसरलास ना! यात नकार कुठे आहे? ‘तू येणार का?’ असं विचारलं तर उत्तर काहीही येऊ शकतं. ‘तू येणार ना?’ विचारणाऱ्याने मात्र होकार धरूनच ठेवलेला असतो. दवाखान्यात माणसाच्या उशाशी बसून ‘मी आहे’ म्हटलं तर ती नुसती माहिती. ‘मी आहे ना’ म्हटलं की त्याच्या जिवात जीव येतो. एवढा फरक एका अक्षराने पडतो.

वर ‘माझी काही ना नाही’ आहेच. तिथे ‘ना’ चक्क नाम झालाय, आणि त्याला ‘नाही’ जोडून आपण परवानगी देतो!

माझं मत असं की नकाराचा ना आणि आर्जवाचा ना मुळात एकच. जागा आणि सूर बदलला की अर्थ फिरतो. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही ज्या भाषांच्या शेजारात राहता, तिथे कुणी नुसतं ‘ना’ म्हटलं तर समोरच्याला काय कळतं, तेही लिहा.

झुळूक

मस्त विषय. एक प्रकार राहिला : ‘आई, काल ना, शाळेत ना, बाईंनी ना...’ आमच्या घरातलं चिमुरडं हा ना श्वास घ्यायला वापरतं. तो ना म्हणजे ‘माझं संपलेलं नाही, मध्ये बोलू नकोस’.

सोलापुरी चादर

आमच्या सोलापुरात हे अक्षर तीन भाषांत तीन कामं करतं, आणि तीही एकाच गल्लीत.

पूर्व भागात विणकर पद्मशाली घरांमध्ये तेलुगू. अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड. बाकी मराठी. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझं, माझा, माझी. ‘ना पेरु’ म्हणजे माझं नाव. कन्नड बोलताना ‘नानु’चं आखूड रूप ‘ना’, म्हणजे मी. आणि मराठीत तर नकार.

मॅचसाठी पोरं गोळा करताना कन्नड घरातला मित्र दारातून ओरडायचा, ‘ना बर्तीनि!’ म्हणजे ‘मी येतो’. पुण्याहून सुट्टीला आलेला एक जण पहिला शब्द ऐकून त्याचं नाव यादीतून खोडायला निघाला होता. खरोखर यायचं नसलं तर तो म्हणाला असता ‘ना बरंगिल्ला’. म्हणजे ना दोन्हीकडे आहे, नकार शेपटाला आहे.

करवीरकर

कोल्हापुरात आर्जवाला ‘ना’ लागतच नाही. ये की. बस की. खा की लेका, लाजतंय काय. ‘ये ना’ म्हणणारा पाहुणा पुण्यामुंबईचा हे दारातच कळतं.

यावरून मूळ धाग्यातल्या मताबद्दल मला शंका आहे. ‘ना’ जे काम करतो तेच काम आमचा ‘की’ करतो, आणि ‘की’ला नकाराचा वाससुद्धा नाही. मग आर्जवाचा ना नकारातूनच आला असं कशावरून?

संत्रानगरी

नागपूरचा हिशेब वेगळा. आमचा ‘नं’. हाव नं. ये नं बे. सांग नं. ओठ मिटायच्या आत संपतो.

मांडवीकार

गोव्यातून नमस्कार. कोंकणीत ‘ना’ला आडपडदा नाही. दुकानात जाऊन विचारा, ‘नुस्तें आसा?’, म्हणजे मासे आहेत का? उत्तर येईल : ‘ना.’ विषय संपला. ‘घरांत कोण ना’, ‘पयशे ना’. क्रियापदालाही तोच चिकटतो : ‘हांव येना’ म्हणजे मी येत नाही, ‘हांव वचना’ म्हणजे मी जात नाही. ‘हे ते नव्हे’ अशा अर्थाला मात्र वेगळा शब्द आहे, ‘न्हय’. असण्याचा नकार ‘ना’, ओळखीचा नकार ‘न्हय’. मराठी माणूस गोव्यात आला की हे दोन हमखास एकमेकांत मिसळतो.

आता गंमत बघा. १९६१ पर्यंत इथल्या कचेऱ्यांत आणि शाळांत पोर्तुगीज होती. त्या भाषेत ‘ना’ म्हणजे ‘त्या अमुकमध्ये, अमुकवर’. ‘एं’ हे अव्यय आणि ‘आ’ हे स्त्रीलिंगी उपपद यांचा तो संधी आहे. ‘ना प्राया’ म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर, ‘ना इग्रेजा’ म्हणजे चर्चमध्ये. म्हणजे एकाच घरात आजोबांचा पोर्तुगीज ‘ना’ कोण कुठे आहे ते सांगणार आणि आजीचा कोंकणी ‘ना’ कोण कुठेच नाही ते सांगणार.

झुळूक

@मांडवीकार, मग कोंकणीत लाडाने ‘ये ना’ कसं म्हणतात? ‘येना’ म्हटलं तर नकारच होणार की.

खडूफळा

धागा वाचून राहवलं नाही. शाळेत संस्कृत शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल.

संस्कृतात ‘न’ म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण वेदांत त्याच ‘न’चा दुसरा अर्थ आहे, आणि तो नकाराच्या जवळपाससुद्धा नाही. तो अर्थ ‘सारखा, प्रमाणे’. ऋग्वेदात विष्णूचं वर्णन आहे : ‘मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः’. नवखा विद्यार्थी अर्थ लावतो ‘भयंकर पशू नव्हे’. खरा अर्थ आहे ‘भयंकर पशूसारखा’. एका अक्षराने आख्खी ऋचा उलटी होते.

याची दखल यास्काने निरुक्तात घेतली आहे. पाणिनीच्याही आधीचा समजला जाणारा हा माणूस म्हणतो की बोलीभाषेत ‘न’ फक्त निषेधाचा, वेदात मात्र दोन्ही. मग ओळखायचं कसं? त्याचं उत्तर अगदी सोपं आहे. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर तो नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर तो ‘सारखा’. त्याचीच उदाहरणं : ‘नेन्द्रं देवममंसत’, इंद्राला त्यांनी देव मानलं नाही. ‘दुर्मदासो न सुरायाम्’, सुरा पिऊन मातलेल्यांसारखे.

आता आपली मराठी बघा. ना हरकत, ना नफा : ना आधी, म्हणून नकार. हो ना, ये ना, आहे ना : ना नंतर, म्हणून नकार नाही. यास्काला मराठी ठाऊक असायचं कारण नाही, पण जागेवरून अर्थ ठरवायची त्याची युक्ती इथेही लागू पडते.

आणखी एक. संस्कृतात ‘ना’ असा दीर्घ शब्दही आहे. ‘नृ’ शब्द चालवा : ना, नरौ, नरः. ना म्हणजे पुरुष. पाठांतर केलेल्यांना आठवेल.

तर्कट

@खडूफळा, सुंदर माहिती. पण मराठीत यास्काचा नियम पुरता टिकत नाही. ‘पाऊस थांबेना’, ‘काही सुचेना’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ना नंतर आहे आणि नकार पक्का आहे.

खडूफळा

बरोबर. पण तिथे ना क्रियापदाला जोडून एकाच श्वासात येतो, आणि त्याआधी क्रियापदाचं रूपही बदलतं. ‘ये’चं ‘येई’ होतं, मग येईना. ‘ये ना’मध्ये ‘ये’ तसाच राहतो आणि मध्ये किंचित जागा असते. म्हणून जागा, जोड आणि सूर असं तिन्ही धरायला हवं.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत आहे. जहाजावर आमच्याबरोबर फिलिपिनो मंडळी भरपूर असतात. त्यांच्या तागालोगमध्ये ‘ना’ म्हणजे आता, एव्हाना, झालंच. ‘तारा ना!’ म्हणजे चला आता. ‘काइन ना!’ म्हणजे जेवायला घ्या. आणि ‘सिगे ना’ म्हणजे अगदी आपलं ‘ए, ऐक ना, कर ना’. मेसमध्ये त्यांचा आचारी ‘काइन ना’ म्हणाला की आमच्या रत्नागिरीच्या पोरांना ते ‘खा ना’सारखंच वाटतं. भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण सूरसुद्धा जुळतो.

रशियन आणि युक्रेनियन खलाशांकडे ‘ना’ म्हणजे ‘वर’, टेबलावरचा वर. पण हातात वस्तू देताना ते नुसतं ‘ना!’ म्हणतात. म्हणजे ‘हे घे’. पाना मागितला तर तो पुढे करत ‘ना’. पहिल्यांदा ऐकणारा हात मागे घेतो.

ग्रीकमध्ये तर सावध राहा. त्यांचा होकार ‘ने’ आहे आणि नकार ‘ओही’. वर नकार देताना मान खालून वर झटकतात, ती आपल्याला ‘काय म्हणता?’ अशी वाटते. त्यांच्याकडेही ‘ना!’ म्हणजे ‘हा बघ, इथे’. पण पाचही बोटं पसरून पंजा समोरच्याच्या तोंडासमोर धरत ‘ना!’ म्हटलं तर ती जुनी आणि जबरी शिवी आहे. आपण बाजारात पाच नग हवेत म्हणून जसा पंजा दाखवतो ना, तसा तिथे दाखवू नका. तळवा स्वतःकडे ठेवा.

सोलापुरी चादर

वरच्या प्रतिसादात ‘दाखवतो ना’ लिहिलंत, तो ग्रीकांना दाखवू नका म्हणजे झालं!

निशिकासाई

तोक्योहून. जपानीत ‘ना’चा जो प्रकार आहे तो कळला तेव्हा मी उडालेच.

‘इकु’ म्हणजे जाणे. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस, अगदी दटावून. आणि ‘इकि ना’ म्हणजे जा, जा तू. फरक फक्त उ आणि इचा. बागेत मुलं खेळत असतात, पळणाऱ्या भावाला मोठी बहीण ‘इकु ना!’ ओरडते. आमच्या मराठी कानाला ते ‘जा ना’ वाटतं, आणि तो थांबतो! ‘इकि ना’ हे ‘इकिनासाइ’ या आज्ञेचं आखूड रूप. म्हणजे दोन ना वेगवेगळ्या मुळांचे आणि उच्चाराने एकसारखे. शब्दवेल्हाळ यांचा प्रश्न जपानीला विचारला असता तर उत्तर ‘दोन वेगळे’ असं आलं असतं.

@झुळूक, तुमच्या चिमुरड्याचा ना मात्र इथे ‘ने’ होऊन भेटतो. जपानी मुलं आईला सांगतात : ‘आनो ने, किनो ने, गाक्को दे ने...’ शब्दाला शब्द लावा. अगं ना, काल ना, शाळेत ना. माझी मुलगी घरात मराठीत आणि बाहेर जपानीत हेच वाक्य त्याच चालीवर म्हणते.

चाकणची चक्की

आमच्या पट्ट्यात कोरियन कंपन्यांमुळे थोडी कोरियन कानावर पडते. त्यांचा आदबशीर होकार ‘ने’. फोनवर साहेब ‘ने... ने... ने...’ करत असतात. नव्या पोरांना वाटतं साहेब सगळंच नाकारतायत. साहेब ‘हो, हो, ऐकतोय’ म्हणत असतात. आणि ‘ना’ म्हणजे मी.

सोलापुरी चादर

ना म्हणजे मी? कन्नडसारखंच! तमिळ बोलतानाही ‘नान’चा ‘ना’ होतो. आणि कोरियनमध्ये वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात हे मालिका बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नक्की काहीतरी नातं असणार.

तर्कट

थांबा, थांबा. इथेच पाय घसरतो.

एक व्यंजन आणि एक स्वर, एवढाच शब्द. न हा तर जगातल्या बहुतेक भाषांत असलेला आवाज, आणि आ सगळ्यात सोपा स्वर. हवाईयन भाषेत व्यंजनंच ८ आणि स्वर ५. एक व्यंजन आणि एक ऱ्हस्व स्वर अशी जोडी घेतली तर सगळी मिळून ४० अक्षरं. ज्या भाषेत एवढीच अक्षरं, तिथे ‘ना’ बेकार बसून राहील का? त्याला काही ना काही काम मिळणारच. तिथे तो अनेकवचनी नामाच्या आधी येतो. आता ऐका, आयरिशमध्येही ‘ना’ हे अनेकवचनाचं उपपद आहे. आयर्लंड आणि हवाई, मध्ये अर्धी पृथ्वी. कुणी नातं जोडणार आहे का?

नातं सिद्ध करायचं तर एक-दोन शब्द जुळून चालत नाही, आवाजांचा बदल ठरलेल्या वाटेने झालेला दिसावा लागतो. आपला स तिकडे ह : सप्ताह–हफ्ता, सिंधू–हिंदू, सोम–होम. अशी ओळच्या ओळ लागते तेव्हा संस्कृत आणि इराणी भाषांचं नातं पक्कं होतं. त्या कसोटीवर आपला ना, फारसी ना, रशियन ‘न्ये’ आणि इंग्रजी ‘नो’ यांच्यातला न खरोखर एकाच मुळाचा. कोरियन ‘ना’ आणि कन्नड ‘ना’ यांच्यामागे अशी ओळ उभी करून दाखवा, मी लगेच मान्य करीन.

आज्जीबाई

एक ना पुरेना म्हणून दोन लावले तर? नाना! वडिलांना नाना म्हणणारी घरं आमच्या पिढीत खूप. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. सोलापुरी चादर सांगतील, तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे बाबा.

खडूफळा

आज्जी, ऋग्वेदात ‘नना’ आहे, आणि ती आई! सोमाच्या सूक्तात एक ऋषी आपल्या घराची ओळख करून देतो : ‘कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना’. मी कवी, बाबा वैद्य, आई जात्यावर दळणारी. शिवाय संस्कृतात ‘नाना’ म्हणजे अनेक प्रकारचे.

संत्रानगरी

म्हणजे नाना प्रकारचे नाना!

किलबिल

नैरोबीत होतो काही काळ. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे आणि, सोबत. ‘चाइ ना म्काते’ म्हणजे चहा आणि पाव. तिथे गुजराती दुकानदार पुष्कळ, आणि गुजरातीत ‘ना’ म्हणजे साफ नाही. नवख्या गुजरात्याला वाटावं चहा आहे, पाव नाही. ‘माझ्याजवळ आहे’ हे सांगायलाही हाच ना. ‘नि’ म्हणजे मी, ‘निना’ म्हणजे मी-सोबत, म्हणजेच माझ्याकडे आहे. कोंकणीत ‘पयशे ना’ म्हटलं की पैसे नाहीत, स्वाहिलीत ना आला की पैसे आहेत.

सुखुमवित

थायलंडची भर घालतो. इथे सुरावर सगळं आहे. सपाट सुरात ‘ना’ म्हणजे भाताचं खाचर. उतरत्या सुरात चेहरा. उंच सुरात आईचं धाकटं भावंड, मग मामा असो की मावशी. चढत्या सुरात जाड. आणि वाक्याच्या शेवटी आखूड ‘ना’ म्हणजे थेट आपला ना : ‘पाइ ना’, म्हणजे ‘निघतो हं’. बँकॉकला आलो तेव्हा मला सगळ्यात आधी हाच कळला, कुणी न शिकवता.

चिनी मित्र सांगतो की त्यांच्याकडे एका सुरात ‘ना’ म्हणजे ‘ते’, दुसऱ्या सुरात ‘कोणतं?’, तिसऱ्यात ‘उचल, घे’. सवाल आणि जवाब यांत फक्त सुराचा फरक.

बागायती

व्हिएतनामच्या उत्तर भागात ‘ना’ म्हणजे सीताफळ. सासवडच्या सीताफळवाल्यांसाठी खास माहिती.

करवीरकर

‘माझी काही ना नाही’ = मला सीताफळ मिळालेलं नाही.

गोलपार्क

कोलकात्यात बरीच वर्षं आहे. मूळ प्रश्नाला बंगालीकडून एक साक्ष देतो, कारण मला ती फार महत्त्वाची वाटते.

बंगालीत नकार क्रियापदाच्या नंतर येतो, आणि आर्जवाचा ‘ना’सुद्धा नंतरच येतो. म्हणजे खडूफळा सरांची जागेची खूण इथे कामाची नाही. मग बंगाली लोक काय करतात? ‘कॉरो ना’ म्हणजे कर ना. ‘कोरो ना’ म्हणजे करू नकोस. पहिल्यात ओठ थोडे उघडे, दुसऱ्यात गोल. कारण ‘नको’ सांगताना ते भविष्यकाळातल्या आज्ञेचं रूप वापरतात आणि त्यात स्वर बदलतो.

पण ‘एशो’, म्हणजे ये, या क्रियापदाची ही दोन्ही रूपं उच्चाराला सारखीच आहेत. त्यामुळे ‘एशो ना’ म्हणजे ‘ये ना!’ आणि ‘येऊ नकोस’, दोन्ही! कागदावर ओळखायची सोय नाही. तोंडी मात्र कुणी फसत नाही, आर्जवाचा ना लांबतो आणि नकाराचा तुटतो. नकार आणि आर्जव एकाच शब्दातून इतक्या जवळून निघताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी शब्दवेल्हाळ यांच्या बाजूने.

सोलापुरी चादर

तमिळमध्ये ‘ना’चा जुना अर्थ जीभ, हे सांगायचं राहिलं. तिरुक्कुरळमध्ये आहे : ‘ना काक्क’, जीभ सांभाळ. बाकी काही सांभाळलं नाही तरी चालेल, जीभ सांभाळ.

करवीरकर

सगळं छान चाललंय, पण माझ्या ‘की’ला अजून कुणी हात लावला नाही. ये की, बस की. यात नकार दाखवा.

आज्जीबाई

मी दाखवते. आमच्या लहानपणी मुली बोलताना ‘मी किनई, काल किनई, त्या ताईंकडे किनई’ अशा बोलायच्या. झुळूकच्या बाळाचा ना जिथे येतो, बरोब्बर तिथे आमचा किनई यायचा. आणि किनई म्हणजे काय? ‘की नाही’! छान आहे की नाही? सांगितलं होतं की नाही?

गोलपार्क

आज्जी, हे भारीच! म्हणजे ‘येतोस की नाही?’ या एका वाक्याचे दोन तुकडे झाले. पुण्यामुंबईने शेपूट ठेवलं, ‘ना’. कोल्हापूरने अलीकडचा भाग ठेवला, ‘की’. नकार कोल्हापुरातही होता, फक्त बोलायचा राहिला.

खडूफळा

याला जुना आधारही आहे. संस्कृतात ‘ननु’ असा शब्द आहे, न आणि नु मिळून झालेला. वाक्यात नकार दिसतो, पण विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं होकाराचं. ‘असंच आहे ना?’ म्हणजे नकाराने विचारून होकार घ्यायची रीत मराठीच्या कितीतरी आधीची.

तर्कट

‘येणार ना?’ या प्रश्नापुरतं मला हे पटतं. ‘ये ना’बद्दल अजून नाही. ‘येतोस की नाही!’ ही दमदाटी आहे, हातात लाटणं घेऊन म्हटल्यासारखी. ‘ये ना’ म्हणजे विनवणी. दमदाटीतून विनवणी कशी निघाली?

झुळूक

घरात मूल असलं की रोज निघते. ‘जेवतोस की नाही?’ ‘जेव की नाही रे.’ ‘जेव ना.’ ‘जेव ना रे बाळा.’ दहा मिनिटांत सगळ्या पायऱ्या उतरून होतात.

शब्दवेल्हाळ

धाग्याचं सोनं केलंत सगळ्यांनी. करवीरकरांनी ‘की’ आणला नसता तर किनईपर्यंत कुणी पोचलं नसतं. मी माझ्या मतावर कायम आहे, पण आता थोडं नेमकं मांडतो : मराठी आणि बंगालीत एकच ना फुटून दोन झाले, जपानीत दोन वेगळे येऊन एकसारखे झाले. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, म्हणून भाषेगणिक आतला इतिहास वेगळा काढावा लागतो.

एक अडकलंय मात्र. तर्कट, तुम्हीच वर सहज लिहून गेलात : ‘काही ना काही काम मिळणारच’. एक ना एक दिवस, कधी ना कधी, कुणी ना कुणी. इथे ना शेवटी नाही, मधोमध आहे. नकार नाही, आर्जवही नाही. उलट खात्री आहे. हा कुठून आला?

खडूफळा

ज्ञानेश्वरी उघडा. १२९० सालची मराठी. पानोपानी ‘नातरी’ भेटेल. एक दृष्टांत झाला की ‘नातरी’ म्हणून माउली दुसरा देतात. ना तरी, म्हणजे तो नाही तर हा, म्हणजेच ‘किंवा’. ‘एक ना एक दिवस’ तसाच सोडवून बघा. एक दिवस, तो ना तरी दुसरा एक दिवस. एक हुकला तर पुढचा. म्हणून त्यात खात्री येते, कारण प्रत्येक नकारापुढे आणखी एक दिवस उभा आहे. माझ्या मते हाही नकाराचाच ना, ‘तरी’ गळालेला. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’मधला मात्र यात घेऊ नका, तो सरळ ‘एकही धड नाही’ असा आहे.

तर्कट

हे पटलं.

मांडवीकार

@झुळूक, उत्तर द्यायचं राहिलं होतं. कोंकणीत ‘ये’ म्हणजे ‘यो’, आणि लाडीगोडीला ‘रे, गो, मरे’ आहेत. ‘यो मरे’, ‘यो गो बाये’. ‘ना’ नकारात इतका गुंतलाय की या कामाला तो मोकळाच नाही. गोव्यात आमच्याकडे आलात तर ‘बस मरे’ ऐकू येईल. ‘जेवण ना’ ऐकू येणार नाही, एवढं नक्की.

झुळूक

डिसेंबरात येतोय. नुस्तें आसा ना?

मांडवीकार

आसा, आसा. यो.